सोपं करून देतो

समीकरण सोडवायला गणिताच्या सॉफ्टवेअरला अर्धा सेकंद लागला. ते माणसाला वाचता येईल असं मांडायला मला अख्खा रविवार लागला.

आधी हात साफ करावा म्हणून सगळ्यांच्या तोंडी असलेलं समीकरण टाइप केलं: ई बरोबर एमसी वर्ग. लगेच लाल अक्षरांत दटावणी. कॅपिटल ई म्हणजे गणितातला ठरलेला आकडा २.७१८२८..., तो राखीव आहे, त्याला हात लावायचा नाही! बरं, ऊर्जेचं नाव बदललं. पण एम आणि सी यांच्यात जागा सोडायला विसरलो, तर त्यानं 'एमसी' नावाचा कुणी तिसराच गृहीत धरला. जागा सोडली, तेव्हा उत्तर आलं, 'सी वर्ग एम'. आइनस्टाइनचं सूत्र असलं म्हणून काय झालं, हजेरी वर्णानुक्रमानंच!

मग माझं खरं समीकरण. त्यातल्या एका अपूर्णांकात वर एक्सचा १०० वा घात वजा १, खाली एक्स वजा १. दिसायला किती सुटसुटीत! पण छेद उगाच कशाला ठेवा, म्हणून 'काट' असं सांगितलं. आज्ञाधारक प्राणी तो. छेद गेला आणि त्याच्या जागी १०० पदांची माळ पडद्याबाहेर लोंबू लागली. एक्स वर्गाचं वर्गमूळ मात्र काही केल्या एक्स होईना. एक्स ऋण निघाला तर? त्याचा संशय रास्त होता, हेच जास्त झोंबलं. 'एक्स धन आहे' असं लिहून दिलं, तेव्हा कुठे मूळ सुटलं.

१९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्याच पुस्तकाची कुरूप प्रुफं बघून इतके वैतागले, की अक्षरजुळणीचा 'टेक' हा प्रोग्राम स्वतःच लिहायला बसले. थोडक्यात उरकेल वाटलेल्या कामात त्यांची दहाएक वर्षं गेली. त्या मानानं माझं रविवारवर भागत होतं.

रात्री एकदाचं जमलं. समान पदं एकत्र, घात उतरत्या क्रमानं, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. खुर्ची मागे सरकवून मी कौतुकानं वाचू लागलो आणि दुसऱ्याच ओळीत अडखळलो. वजा हवं तिथे अधिक होतं. मीच सकाळी टाइप केलेलं. दिवसभर त्या गिचमिडीत ते सुखानं लपून बसलं होतं.