‘पाच दिवसांत लडाख’ : हा बेत असा आखू नका

गेले तीन आठवडे सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, ‘पाच दिवसांत लडाख’. पहिल्या दिवशी विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला ही खिंड ओलांडून नुब्राचं खोरं, तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावाकाठी मुक्काम, चौथ्या दिवशी परत, पाचव्या दिवशी विमान. वर हे सल्ले : लेहमध्ये थांबणं म्हणजे भाडं वाया. सोलापूरचं ऊन सोसणाऱ्याला आणि रोज व्यायाम करणाऱ्याला तिथं काही होत नाही. दम लागला तर कापूर हुंगा. गोंपा, म्हणजे तिथले बौद्ध मठ, सगळे सारखेच, एक थिकसे पाहिला की झालं.

मला हा मेसेज चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी तिकिटंही काढलीत, म्हणून गप्प बसवत नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मित्र जवळजवळ याच बेतानं गेलो होतो. आमच्यातला सगळ्यात काटक गडी, रोज पहाटे पार्क स्टेडियमवर दहा फेऱ्या मारणारा, पहिले दोन दिवस आमच्या बॅगाही उचलत होता. डोकं दुखत होतं, पण कुणाला बोलला नाही. पँगाँगला रात्री उलट्या सुरू झाल्या, मग खोकला, मग आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला. गाडीवाल्यानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, आत्ता निघायचं.

उन्हाचा आणि विरळ हवेचा संबंध नाही. उन्हाला सरावलेलं शरीर घाम नीट गाळायला शिकलेलं असतं. उंचीवर शिकायचं असतं ते वेगळंच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि लेह ३५०० मीटर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, पण लेहमध्ये हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोनतृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर भराभर श्वास घेऊ लागतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा तिढा मूत्रपिंडं सोडवतात आणि त्यांना काही दिवस लागतात. डॉक्टर डायमॉक्सची गोळी देतात ती हेच काम लवकर व्हावं म्हणून. पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

कमावलेल्या शरीरानं यातलं काहीच टळत नाही. उलट तसा माणूस भरभर चालतो, ओझं उचलतो आणि दुखणं अंगावर काढतो. शिवाय त्रास विमानातून उतरल्या उतरल्या होत नाही. डोकेदुखी, मळमळ सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होते. फुप्फुसात पाणी होण्याचा धोका दुसऱ्या ते चौथ्या रात्री जास्त असतो. मेसेजमधली पँगाँगची रात्र नेमकी तिसरी आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे. पँगाँग ४२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आधी लेहला झोपलेल्या माणसालाही ती उडी साताठशे मीटरची पडते.

त्या रात्री मला कळलेली गोष्ट मात्र कुठल्याच मेसेजमध्ये नसते. या दुखण्यावर खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. पण पँगाँगहून नेहमीच्या रस्त्यानं लेहला उतरायचं तर आधी ५३६० मीटरची ‘चांग ला’ ही खिंड चढावी लागते. आजारी माणसाला अजून हजारभर मीटर वर नेल्याशिवाय त्या रस्त्यानं लेहला आणता येत नाही. गाडीत त्याचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. लेहच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर दोन दिवस काढून तो वाचला.

कापराबद्दल. कापूर हुंगला की नाकात गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. भास झाल्यामुळे माणूस वरच थांबून राहतो, म्हणून हा सल्ला घातक. कापूर पोटात गेला तर विषारी आहे, लहान मुलांच्या हाती देऊच नका. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबेही काही मिनिटांत संपतात.

खारदुंगला जगातला सर्वात उंच रस्ता, असंही मेसेजमध्ये आहे. पण त्याची उंची ५३५९ मीटर आणि लडाखमधलाच उमलिंगला खिंडीचा रस्ता ५७९८ मीटरवर आहे.

आता गोंपा. सिद्धेश्वराचं दर्शन झालं म्हणून कुणी पंढरपूरला जायचं थांबतं का? थिकसे गेलुग परंपरेचा, हेमिस द्रुकपांचा, लामायुरू द्रिकुंग काग्यूंचा, माथो साक्यांचा. आपल्याकडे १९५६च्या दीक्षेनंतरचा धम्म घराघरांत आहे, तिकडे वज्रयान, म्हणजे मंत्र आणि मंडलांचा बौद्ध पंथ. तिथल्या उग्र मूर्ती आणि मंडलं बघून आपल्या माणसाला पहिल्यांदा परकं वाटतं. कुणा भिक्खूंजवळ बसून विचारलं, की त्यांतला एकेक आकार काय सांगतो ते उलगडायला लागतं. धावत पाहून ते होत नाही.

आणि आल्ची. हा गोंपा डोंगराच्या टोकावर नाही, सिंधूच्या काठी गावातच आहे. जवळपास हजार वर्षांची परंपरा, काश्मिरी कलावंतांच्या हातची चित्रं. तिथल्या सुमत्सेक मंदिरात तीन उभे बोधिसत्त्व आहेत, पुरुषभर उंचीच्या दुपटीहून मोठे. त्यांच्या धोतरांवर चित्रं रंगवलीत : अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर ८४ सिद्ध. मान वर केली तर छताच्या फळ्यांवर कापडाचे नमुने, बांधणीसारखे ठिपकेसुद्धा. मी चादरीच्या कारखान्यात वाढलो, जेकार्डच्या मागावर नक्षी कशी उठते हे लहानपणापासून पाहिलंय. दुसऱ्या खेपेला त्या छताखाली माझा तास कसा गेला कळलं नाही.

आल्ची साधारण ३१०० मीटरवर आहे, लेहपेक्षा खाली. म्हणजे ‘वाया जाणारे’ पहिले दोन दिवस विमानतळावरून थेट तिथं उतरून काढले, तर शरीराला सवड मिळते आणि लडाखमधल्या सर्वात जुन्या चित्रांपैकी काही निवांत बघून होतात. चढउतार, दारू, झोपेच्या गोळ्या मात्र नकोत. साहस हवं असेल तर पुढचे तीन दिवस लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम असं चालत जा. यातल्या खिंडी चार हजार मीटरच्या आत आहेत, वाटेत गावं आहेत आणि सुरुवात गोंपापासूनच होते. त्यानंतर नुब्रा, दिस्कितचा ३२ मीटरचा मैत्रेय आणि तिथून श्योक नदीच्या रस्त्यानं पँगाँग. सगळे मिळून नऊ-दहा दिवस धरा. दहा दिवसांची रजा नसेल तर पँगाँग गाळा, आल्ची गाळू नका.

तिकिटं काढलेल्या दोघांपैकी एकानं काल तारीख बदलली. दुसऱ्याला आज संध्याकाळी भेटायला जातोय, बरोबर त्या दहा फेऱ्या मारणाऱ्या मित्राला घेऊन.