पुन्हा तीच गाय, तोच फेटा

भारताची बातमी आली की परदेशी व्यंगचित्रकाराला गाय, फेटा आणि टपावर माणसं लादलेली गाडी एवढंच सुचतं का हो? २०१४ मध्ये मंगळयान पहिल्याच प्रयत्नात कक्षेत पोचलं. न्यूयॉर्क टाइम्सने काय छापलं? आत अंतराळ क्लबात सुटाबुटातले दोन साहेब, आणि बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. ओरड झाली, मग माफी. पुढच्याच वर्षी 'द ऑस्ट्रेलियन'मध्ये सोलर पॅनल फोडून खाणारे भुकेले भारतीय, वर मँगो चटणी! २०२३ मध्ये लोकसंख्येत आपण चीनच्या पुढे निघालो, तेव्हा जर्मनीच्या 'डेर श्पीगल'ने चिनी बुलेट ट्रेनशेजारी आपली खचाखच भरलेली गाडी पळवली. अरे, लोकसंख्येवर बोला ना, धोरणांवर बोला, नेत्यांना सोलून काढा! आपले व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्यभर मंत्र्यांची खिल्ली उडवली, पण त्यांच्या धोतरातल्या कॉमन मॅनची लाज कधी वाटली नाही, कारण तो मुकाट्याने सगळं बघत असायचा आणि हसू यायचं ते खुर्चीवरच्याचं. इथे मात्र खुर्ची सोडून शेतकऱ्यालाच धरलंय. आणि आपणही 'भय्या' नि 'मद्रासी' काढताना हेच करतो, याचाही मला तितकाच संताप येतो.