हरकतीसाठी उरलेला एक दिवस

शेजारच्या भूखंडावरचे खेळाच्या मैदानाचे आरक्षण उठवून तो निवासी विभागात घालण्याचा प्रस्ताव आहे, हे मला काल संध्याकाळी कळले, आणि हरकत नोंदवण्याची मुदत उद्या संपते. नोटीस आली ती माझ्या आजोबांच्या नावाने. आजोबांना जाऊन 22 वर्षे झाली. घर त्यानंतर वडिलांच्या नावावर होते आणि गेली 11 वर्षे माझ्या नावावर आहे. मालमत्ता कराचे देयक मात्र दरवर्षी माझ्याच नावाने येते, त्यात आडनावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा चुकत नाही, आणि भरणा थोडा लांबला की मोबाइलवर थकबाकीचा संदेश येतो. पैसे वसूल करताना जो मालक अचूक सापडतो, तोच मालक त्याचे म्हणणे ऐकायची वेळ आली की कसा हरवतो? शिवाय पत्रावरची तारीख गेल्या महिन्यातली आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का चार दिवसांपूर्वीचा. मधले 25 दिवस हा कागद कोणाच्या टेबलावर पडून होता, याचे उत्तर मला हवे आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 प्रमाणे असा फेरबदल करताना राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती मागवायच्या असतात आणि बाधित होणाऱ्या व्यक्तींना वेगळी नोटीसही बजवायची असते. राजपत्र रोज उघडून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, म्हणून तर ही दुसरी तरतूद महत्त्वाची. आणि तीच मृत माणसाच्या नावे पाकीट पाठवून उरकली जाते.

आज सकाळी रजा टाकून नोटीस पाठवणाऱ्या कार्यालयात गेलो. नोटिशीत नुसता सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि पुढे ‘पै.’, म्हणजे ‘पैकी’ (त्यातला काही भाग), एवढेच आहे. नकाशा ‘कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध’. कार्यालयीन वेळेत गेलो, तर ज्यांच्या कपाटात नकाशा आहे ते साहेब जागेच्या पाहणीला गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ होती. दोन तास बाकावर बसलो. न पाहिलेल्या नकाशावर हरकत लिहायची तरी कशी?

भूखंडाच्या मालकांवरचा माझा राग तर याहून मोठा आहे. आमच्या घराची एक किल्ली वर्षानुवर्षे त्यांच्याकडे असते. कुंपणापाशी रोज बोलणे होते, पण महिनाभरात त्यांनी एका शब्दाने हे सांगितले नाही. आधी विचारले असते, तर मी कदाचित विरोधही केला नसता. मुलांना खेळायला दुसरी जागा मिळेल का, एवढेच विचारले असते. समोरच्या चाळीतल्या भाडेकरूंना तर नोटीसच नाही, कारण ते मालक नाहीत, आणि त्या मैदानावर खेळतात ती मुले बहुतेक त्यांचीच.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीचा रस्ता विकास आराखड्यात रुंद दाखवला, तेव्हाही आम्हाला कळले ते भिंतीवर लाल रंगाने खुणा झाल्यावर. तेव्हा ‘तुम्ही मुदतीत हरकत घेतली नाही’ असे तोंडावर सांगितले गेले होते, आणि ते वाक्य मी विसरलेलो नाही.

म्हणून आज तिथेच बाकावर बसून हाताने अर्ज लिहिला. त्यात नकाशा पाहायला मिळाला नाही हे पहिल्याच ओळीत नोंदवले आणि समक्ष सुनावणी मागितली. आवक-जावक विभागातल्या बाईंनी ‘ठेवून जा’ म्हटले. तारखेचा शिक्का आणि सही असलेली पोच हातात पडेपर्यंत मी खिडकीसमोरून हललो नाही.