प्रवाह सुटतो ते ठीक, पण परत चिकटतो कुठे?

प्रवाहावरचा तुमचा लेख आवडला, पण चॅनलमधे (प्रवाहाच्या वाटेत) अडथळा आला की प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि मग नुसतं नुकसानच, हे जे शेवटी लिहिलंय ते अर्धंच खरं आहे राव. चौकोनी रिब (भिंतीवरची उंच आडवी पट्टी) असेल तर प्रवाह सुटणार कुठे हे तिच्या धारेवरच ठरलेलं असतं, खरी गंमत पुढे आहे, तो परत भिंतीला कुठे टेकतो त्यात. साध्या पायरीमागे टर्ब्युलंट (खळबळता) प्रवाह साधारण पायरीच्या उंचीच्या 6 ते 7 पट अंतरावर टेकतो, तोवर मधे भोवरा गोल गोल फिरत बसलेला आणि भिंतीजवळचं पाणी चक्क उलटं वाहतंय! आता रिब्स एकामागोमाग लावल्या आणि अंतर उंचीच्या 2-3 पटच ठेवलं तर प्रवाहाला खाली उतरायला जागाच नाही, तो वरून घसरत निघून जातो आणि भोवरे खाचांमधे अडकून पडतात. अंतर 10 पटीच्या आसपास नेलं की मधे टेकतो, आणि नेमकं तिथेच उष्णता जोरात वाहून जाते, म्हणून तर गॅस टर्बाइनच्या पात्यांच्या आतल्या कूलिंगच्या वाटांत मुद्दाम रिब्स घालतात. प्रेशर ड्रॉप (प्रवाह पुढे ढकलताना खर्ची पडणारा दाब) वाढतोच म्हणा, फुकट काही मिळत नाही.

गोल अडथळ्याचं गणित वेगळं, तिथे टर्ब्युलन्समुळे सुटणं लांबतं, जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलने 1914 मधे गोळ्याला तारेचं कडं लावून ड्रॅग (प्रवाहाचा विरोध) कमी करून दाखवला होताच.

आणि हो, तुमचं सिम्युलेशन के-एप्सिलॉनवर (टर्ब्युलन्सचं एक गणिती मॉडेल) आहे ना? त्याचं स्टँडर्ड रूप हे टेकायचं अंतर कमी दाखवतं, तेवढं एकदा तपासा.