तारीख दिसली ना? मग झालं!

दुसऱ्या प्रोग्रामातली फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि तारखांचा रकाना बघून पोटात गोळा आला? घाबरू नका. आधी अख्खा रकाना सिलेक्ट करून मजकूर मधोमध आणा. कारण खरी तारीख आपणहून सेलच्या उजव्या कडेला जाते आणि तारखेचं सोंग घेतलेला मजकूर डावीकडे राहतो, त्यामुळे एका नजरेत चोर पकडला जातो. मधोमध आणलं की चोर आणि साव एका रांगेत. शिवाय दिसतंही टापटीप.

मग एखाद्या सेलमध्ये नुसतंच ४५३६६ दिसेल. हा काय कचरा, असं म्हणत ते खोडून टाका. वास्तविक रकान्यातली तीच एक धडधाकट तारीख असते. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत येतं आणि त्या हिशेबाने ४५३६६ म्हणजे १५ मार्च २०२४. सेलला तारखेचा फॉरमॅट दिला असता तर मुकाट दिसली असती. पण इतकी चौकशी कोण करतं?

फॉरमॅट द्यायचा तो मजकूर झालेल्या तारखांना. काहीच होणार नाही. पुन्हा द्या. फाइल बंद करून उघडा, परत द्या. (मी एकदा जेवणाची सुट्टी धरून दीड तास दिला आहे.) फॉरमॅट म्हणजे नुसते कपडे, आतला माणूस त्याने बदलत नाही, हे मनावर घेऊ नका. फॉर्म्युला बारमध्ये (सेलमधला मूळ मजकूर दाखवणाऱ्या वरच्या पट्टीत) तारखेच्या आधी एखादा चिमुकला अपॉस्ट्रॉफी (') दिसला तर तिकडे बघूच नका. आणि ‘डेटा’ मेनूतल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये शेवटच्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. अर्ध्या मिनिटात काम संपतं, मग उरलेला दिवस काय करणार?

खरी मजा दिवस-महिन्याच्या अदलाबदलीत आहे. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्या लेखी ३ एप्रिल. अमेरिकी सेटिंगच्या संगणकाने ती ४ मार्च म्हणून वाचली आणि गुपचूप उजवीकडे नेऊन बसवली. १३ पासून पुढच्या तारखा मात्र अडतात, कारण तेरावा महिना काही त्याला सापडत नाही. त्या डावीकडे ताटकळत राहतात. तुम्ही फक्त त्याच दुरुस्त करा. ज्या गप्प बसल्यात त्या बरोबरच असणार! अशा गप्प तारखा वर्षाला १४४. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा कशाही वाचल्या तरी बरोबर. साहेबांना नमुना दाखवायचा तो ह्या बारातलाच. उरलेल्या १३२ नंतर कधीतरी कुणीतरी शोधेल, त्यासाठी मूळ फाइल लागेल, आणि ती तुम्ही जागा अडते म्हणून कधीच उडवलेली असेल.

वर्षाचे दोनच आकडे लिहा, बोटांना आराम. एक्सेलची मूळची समजूत अशी की २९ म्हणजे २०२९, पण ३० म्हणजे १९३०. त्यामुळे २०३० साली संपणारा करार सही व्हायच्या आधीच संपून जाईल, कटकट मिटली.

आणि सगळ्या तारखा ऐटीत चार वर्षं एक दिवस मागे-पुढे झाल्या, तर त्या मॅकवरच्या जुन्या फाइलीतून आलेल्या असू शकतात. तिथे मोजणी १९०४ पासून होत असे. फरक बरोबर १४६२ दिवसांचा. तेवढे मिळवायचे किंवा वजा करायचे, की झालं. पण त्यापेक्षा एकेक तारीख हाताने टाइप करावी, त्यात श्रमाचं समाधान असतं.

कुणी म्हणेल, २०२४-०४-०३ असं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावं, म्हणजे गोंधळच नको. अशा माणसापासून चार हात लांब राहा. आणि झालेली फाइल पुढे पाठवताना तिला ‘फायनल ०५-०६’ असं नाव द्या.