बुडबुडा मधोमध

बाथरूमची फरशी स्वतः बदलायची असेल तर सगळ्यात आधी मिस्त्रीला बोलवा. त्याला चहा द्या, बाथरूम दाखवा, आणि त्याने मजुरीचा आकडा सांगितला की ‘बघतो, कळवतो’ म्हणत त्याला दारापर्यंत सोडा. आमच्याकडच्या मिस्त्रीने ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमचे १८,००० सांगितले, माल आपला. तो जिना उतरायच्या आत मी मोबाइलवर भागाकार केला होता. चौरस फुटाला ५१४ रुपये! गुडघ्यावर बसून सिमेंट थापायचे! जाता जाता तो एवढंच म्हणाला, “पाण्याचं काम आहे साहेब, बघा.” हे वाक्य लिहून वगैरे ठेवायची गरज नाही. पुढे ते रोज सकाळी आपोआप आठवतं.

कामाला निमित्त लागतं, ते खालच्या मजल्यावरून मिळतं. आमच्या खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. पहिल्या आठवड्यात त्या स्वतः सांगायला आल्या. मग ओलीचे फोटो यायला लागले, रोज, ‘शुभ सकाळ’च्या गुलाबापाठोपाठ. अशा वेळी सेक्रेटरींना भेटून ‘हे खरं तर सोसायटीनेच करायला हवं’ असं एकदा म्हणून बघावं. ते शांतपणे उपविधींचं पुस्तक काढतात. गच्चीतून किंवा सामाईक पाइपातून गळलं तर सोसायटी, तुमच्या बाथरूममधून गळलं तर तुम्ही. पुस्तक नेमकं त्याच पानावर उघडतं, त्यावरून तुमच्याआधी किती जण येऊन गेले ते समजतं.

आता अभ्यास. तो व्हिडिओ बघून करावा, आणि व्हिडिओ शक्यतो अमेरिकेतले निवडावेत. तिथला चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस जुनी टाइल उचकटतो, खालचं कुजलेलं प्लायवुड कापून काढतो, लाकडी तुळयांवर नवं प्लायवुड स्क्रूने आवळतो, त्यावर सिमेंटचा बोर्ड, त्यावर टाइल. १४ मिनिटांत खेळ खलास आणि शर्टाला डाग नाही. छाती पुरेशी फुगली की आपल्या बाथरूमकडे वळा. इथे स्लॅब मुद्दामच नऊ इंच ते फूटभर खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकतात आणि उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि सिमेंटच्या मसाल्याने भरून काढतात. हा कोबा. फरशी म्हणजे त्यावरचं नुसतं झाकण, आणि ओल मुरलेली असते ती खड्ड्यात. तेव्हा ‘फरशी बदलतोय’ याचा अर्थ ‘विहीर खणतोय’ असा आहे, हे घरच्यांना आधी सांगू नये. घरात बाथरूम एकच असेल तर मुळीच सांगू नये.

फोडायला घण, छिन्नी आणि भाड्याचा ग्राइंडर घ्या. पहिली टाइल निघते तो क्षण फार गोड असतो. आमची पहिली टाइल अख्खी निघाली, मी ती धुऊन भिंतीला टेकवून ठेवली, फोटो काढला. बाकीच्या साडेतीन दिवस निघत होत्या, कारण दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद, आणि चारनंतर माझे हात बंद. ग्राइंडर चालवताना चांगला मास्क लावायचा असतो, पण दोनच मिनिटांचं काम असल्यामुळे तुम्ही नाकाला रुमाल बांधाल. टाइल आणि सिमेंट कोरडं कापलं की जी पांढरी पूड उडते तिच्यात सिलिका असते. ती एकदा फुप्फुसात गेली की तिथलीच रहिवासी होते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णापासून तुरीच्या डाळीच्या डब्यापर्यंत सगळं पांढरं झाल्यानंतर.

राडारोड्याचं गणित मात्र आधी करू नका, नाहीतर काम सुरूच व्हायचं नाही. मी नंतर केलं. ३५ चौरस फूट, खोली पाऊण फूट, म्हणजे सव्वीस घनफूट. विटा, सिमेंट, वाळू, मुरलेलं पाणी धरून सव्वा टनाच्या वर. हे सगळं तिसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. सिमेंटच्या गोणीत ५० किलो सिमेंट येतं म्हणून ५० किलो राडारोडाही भरावा, असं वाटणं साहजिक आहे. पहिल्याच गोणीला कंबर वेगळं मत देते. मग गोण्या अर्ध्या भरायच्या. आमच्या ५३ झाल्या. लिफ्टमध्ये ‘बांधकामाचं सामान नेऊ नये’ अशी पाटी आहे, आणि आमचा वॉचमन एरवी गेटवर झोपत असला तरी या पाटीच्या बाबतीत जागा असतो. ५३ वेळा खाली, ५३ वेळा वर. जिन्यात भेटलेला प्रत्येक माणूस थांबून विचारतो, “काम काढलंय वाटतं?” खांद्यावर गोणी, भुवयांवर सिमेंट, आणि ‘वाटतं’! चौदाव्या खेपेला मी एकांना “नाही, शिफ्ट होतोय” असं सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे वा, कुठे?” एवढं करून गोण्या खाली आल्या की त्या टाकायच्या कुठे, हा विचार पहिल्यांदा मनात येतो. राडारोडा रस्त्याकडेला किंवा नदीपात्रात टाकायला बंदी आहे, पालिकेने ठरवलेल्या जागीच द्यायचा असतो, २०१६ साली केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले. मी गेटजवळच गोण्या रचून ठेवल्या. आठवडाभराने सोसायटीने माझ्यासाठी नवीन पाटी लावली.

जाळीखालचा न्हाणी ट्रॅप फुटणार, हे धरून चाला. त्यात जे दोनेक इंच पाणी कायम साचून असतं, तेवढंच गटाराचा वास आणि झुरळं थोपवून धरतं. आमचा जुना ट्रॅप बिडाचा होता आणि बिडाला घण सोसत नाही. प्लंबरने दीड हजार घेतले. ते मी १८,००० मधून वजा केले आणि तरीही आपण फायद्यातच आहोत याची खात्री करून घेतली. असा हिशेब रोज रात्री करत जा, झोप चांगली लागते.

यानंतर जो भाग येतो तो मी नीट केला, हे नमूद करायला हवं. स्लॅब झाडून पुसून लख्ख केला, भिंत आणि तळ मिळतात तिथे मसाल्याचा वाटा मारून कोपरे गोल केले, वॉटरप्रूफिंगचं केमिकल पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये सुकू देऊन, भिंतीवर फूटभर चढवलं. मग पाइपात बोळा कोंबून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि ४८ तास ते तसंच ठेवलं. या दोन दिवसांत घरातली चार माणसं टॉवेल खांद्यावर टाकून तीन वेगवेगळ्या घरी आंघोळीला गेली आणि मजल्यावर कोण कुठला साबण वापरतो ते सगळ्यांना कळलं. खाली काकू टॉर्च घेऊन छताखाली उभ्या होत्या. एक थेंब नाही. तिसऱ्या दिवशी नुसता गुलाब आला, फोटोशिवाय. मला वाटलं, झालं. तुम्हालाही तसंच वाटेल.

खड्डा पुन्हा भरून झाला की टाइल घ्यायला जाल, तेव्हा दुकानदार विचारेल, ‘कुठे लावायच्यात?’ सांगू नका. सांगितलं तर तो तुम्हाला एक बाय एकच्या खरबरीत, मातकट टाइल दाखवील. तुम्ही दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड घ्या. मोरबीचा ताजा माल, आरशासारखा. हिशेब केला तर ३५ चौरस फुटांना पावणेनऊ टाइल लागतात, म्हणून मी नऊ घेतल्या. जाळीसाठी भोक पाडताना दोन फुटल्या. नव्या दोन आणल्या त्या दुसऱ्या लॉटच्या निघाल्या, त्यामुळे जाळीभोवती आमच्या फरशीला किंचित कावीळ आहे. टाइल रात्रभर भिजत घालायची असते, असं आईने सांगितलं. तिच्या सासरच्या मोरीला शहाबादी फरशी होती आणि तिथलं तांब्याचं घंगाळ आमच्या माळ्यावर आहे. ते खाली काढलं, पण टाइल त्यात मावेना, म्हणून गॅलरीत टबात घातली. सकाळी ती होती तशीच. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणूनच ती साध्या सिमेंटला धरत नाही, तिला वेगळं चिकटवायचं मिश्रण लागतं. हे मिश्रणाच्या पिशवीवर लिहिलेलं असतं. मी पिशवी न आणल्यामुळे वाचलं नाही.

आता खरी कला. बाजारातून चांगली पाणसळ आणा, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, दोन फुटी. टाइल ठेवा, रबरी हातोडीने ठोका, पाणसळ ठेवा, बुडबुडा बघा. पुन्हा ठोका. बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये येईपर्यंत सोडू नका. आडवी बघा, उभी बघा, तिरपी बघा. मी दोन रात्री हे केलं. शेवटी सात फुटांत कुठेही पाणसळ ठेवा, बुडबुडा मधोमध. असं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. ऑफिसातसुद्धा नाही.

मग मी मिस्त्रीला बोलावलं. दाखवायला.

त्याने चपला बाहेर काढल्या. खिशातून नाणं काढलं आणि वाकून टाइलवर वाजवत गेला. टक, टक, बद्द. टक, बद्द, बद्द. बद्द म्हणजे खाली पोकळ. काही बोलला नाही. मी पाणसळ पुढे केली. त्याने ती तीन ठिकाणी ठेवून पाहिली आणि मनापासून म्हणाला, “एकदम पाणसळीत आहे. हॉलला असं काम भल्याभल्यांना जमत नाही.” नंतर त्याने पाण्याचा मग भरला, जाळीपासून लांबच्या कोपऱ्यात ओतला आणि बाजूला उभा राहिला. मीही उभा राहिलो. पाणी थोडं पुढे आलं, थांबलं, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, आणि मग सगळीकडे सारखं पसरून माझ्याकडे बघत बसलं.

“फुटाला दोन सूत ढाळ लागतो, साहेब.”

दोन सूत म्हणजे पाव इंच. सात फुटांना पावणेदोन इंच. अमेरिकेतल्या शर्टाने हे कुठे सांगितलं होतं, ते मी रात्री पुन्हा बघून शोधलं. सांगितलं होतं. मी तो भाग पुढे ढकलला होता.

मिस्त्रीने तोडून पुन्हा करायचे २६,००० सांगितले, कारण आता तोडायचंही त्यालाच होतं. मी म्हटलं, बघतो, कळवतो. आई बाहेरून म्हणाली, “आमच्या मोरीत पाण्याला कधी वाट दाखवावी लागली नाही हो.” तिला कुणी विचारलं नव्हतं.

तर शेवटचं सामान लिहून घ्या: एक मोठा वायपर, लाकडी दांड्याचा. आंघोळ झाली की ज्याचं पाणी त्याने ढकलायचं, असा नियम घरात लावून द्या. आमच्याकडे बेसिनखालच्या कोपऱ्यातली एक टाइल मात्र नंतर खचली, बरोबर दोन सूत. तेवढा ढाळ अगदी पुस्तकी आलाय, फक्त जाळीच्या उलट दिशेला. तिथे हातभर डबकं साचतं, त्यावर मी माळ्यावरचं घंगाळ आणून ठेवलंय. पाहुणे हात धुवायला जातात आणि बाहेर येऊन म्हणतात, “किती छान जपलंत हो जुनं!” तुम्हीही ठेवा. पण रिकामं ठेवू नका, काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे कुणी उचलून बघायला जात नाही.