हिरडीचं मॅचिंग

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे दात लांब झाले. म्हणजे दात होते तेवढेच होते. वरची हिरडी वर वर सरकत गेली आणि ते उघडे पडले. दोन दातांच्या मधे काळ्या त्रिकोणी फटी दिसायला लागल्या. नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या दातांत काळे समोसे आहेत." त्यातून वाराही सुटायचा. मेहुणीचं नाव सुशीला. मी हाक मारली की ती चष्मा पुसायची.

दोष माझाच. चाळीस वर्षं कडक ब्रशने, कढई घासावी तसे दात घासले. शिवाय हिरडीतून रक्त आलं की 'उष्णता झाली' म्हणून कोकम सरबत पीत बसलो. दादरच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजली आणि हाउजीसारखे आकडे पुकारले, "चार, पाच, पाच, सहा..." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं म्हणे. मला वाटलं, आपले मार्क वाढतायत.

आधी हिरड्यांचा आजार आटोक्यात आणण्यात काही महिने गेले. मग मी विचारलं, "गेलेली हिरडी येईल ना परत?"

"आपण होऊन नाही, काका. शस्त्रक्रियेने काही ठिकाणी आणता येते, पण तुमच्या दातांमधल्या फटी भरणं कठीण आहे. काढता-घालता येणारी खोटी हिरडी करू या."

खोटे दात ऐकून होतो. खोटी हिरडी म्हणजे घर तसंच ठेवून नुसतं प्लॅस्टर! तिने फटी मागून मेणाने बुजवल्या, समोरून माप घेतलं. इथवर सगळं सुरळीत होतं. मग रंग निवडायची वेळ आली आणि ही खुर्चीतून उठली.

दादरच्या मॅचिंग सेंटरात चार दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळवलेली बाई ही. आमसुली आणि वांगी रंगांतला फरक न कळणाऱ्या माणसाशी तीस वर्षं संसार केला, हे तिचं एकमेव दुःख. डॉक्टरने गुलाबी नमुन्यांची पट्टी माझ्या ओठाखाली धरली.

"हा अंगावर येतो," ही म्हणाली. "हा फारच बाळसेदार. आणि ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. उजेडात चला."

मला वाटलं, आता डॉक्टर हिला बाहेर काढेल. तर ती म्हणाली, "काकू बरोबर सांगतायत. रंग दिवसाच्या उजेडातच बघायचा असतो."

मग मी गॅलरीत. ओठ फाकवायला प्लॅस्टिकचा आकडा लावलेला, सगळी बत्तिशी उघडी. खाली फुटपाथवर गजरेवाली बसली होती. तिने वर पाहिलं आणि टोपली जराशी आत ओढली. माझ्या हिरडीवर जांभळट-तपकिरी छटा आहेत. त्यात काही वाईट नाही, आपल्याकडे पुष्कळांना असतात, त्वचेतलंच मेलॅनिन ते. पण नमुने सगळे गोऱ्या साहेबाच्या तोंडातले! शेवटी नमुन्याबरोबर वर छटा रंगवायची चिठ्ठी लॅबला गेली. हिने त्यात "जांभळाकडे झुकणारा, पण भडक नको" एवढं घालायला लावलंच.

वस्तू आली ती ॲक्रिलिकची, लिंबाच्या फोडीच्या सालीएवढी. मऊ सिलिकॉनचीही मिळते, पण चहा-हळदीने ती लवकर डागते. आमच्या घरी दोन्हींचा पाऊस. या खोट्या हिरडीला ना तार ना आकडी. आतल्या बाजूचे बारीक उंचवटे फटींत बसतात आणि त्यांवरच ती टिकते. रात्री काढून पाण्यात ठेवायची. गरम पाणी लावायचं नाही, वाकडी होते. मऊ ब्रशने धुवायची. हे सांगताना डॉक्टरने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

भाचीच्या लग्नात मी पार्ल्याच्या हॉलभर हसत हिंडलो. कुणाला काही कळलं नाही. सुशीलाला चार वेळा नावाने हाक मारली, चष्मा कोरडा. ही मात्र अधूनमधून माझं तोंड पदराच्या काठाला लावून बघावं तशी बघत होती.

जेवताना काढायला सांगितलं होतं. बेसिनपाशी जाऊन गुपचूप डबीत टाकली, डबी खिशात. जिलबी-मठ्ठ्यानंतर हात धुतले, कोपरा गाठला, डबी काढून झाकण फिरवलं. शेजारी थोरले मामा उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तळहात पुढे केला.

"बडीशेप आहे होय? दे बाबा, मलाही चिमूटभर."